तिच्या वाटचं जेवण

चेन्नईच्या विमानतळावर मी बायकोची वाट पाहत बसलो होतो. मी नागपूरहून आलो होतो, ती पुण्याहून यायची होती आणि तिथून पुढं आम्ही दोघं मिळून अंदमानला जाणार होतो. आमच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून लेकीनं आणि जावयानं ही सहल ठरवली होती. तिकिटं, बोट, बेटावरचं हॉटेल, सगळं त्यांनीच पाहिलं होतं. आम्ही फक्त जायचं होतं.

फोन वाजला तेव्हा वाटलं, उतरली असेल.

“अवो, मी नाई निघाली,” ती म्हणाली.

“काऊन?”

“बाळाले रातच्यान ताप हाय. उतरूनच नाई राह्यला. दवाखान्यात बसलो आमी. डॉक्टर म्हनते घाबरायचं काम नाई, पन दोन दिवस ठेवा लागंल.”

“मंग मी येतो पुन्याले.”

“तुमी येऊन काय करान? इथी एकाच जनाले आत जाऊ देते. तुमी जा. दोघंबी नाई गेलो तं पोरीच्या मनाले लागंल.”

मागून नातवाचं रडणं ऐकू आलं आणि तिनं फोन ठेवला. मग माझ्या विमानाची रांग लागली, लोक उभे राहिले, त्यांच्याबरोबर मीही उभा राहिलो.

तिच्यावाचून राहणं मला नवीन नव्हतं. नातू झाला तेव्हा ती लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, ती तिकडचीच झाली. लेक नोकरीवर जाते, जावई नोकरीवर जातो, मूल कोणाच्या भरवशावर ठेवणार? मी निवृत्त झाल्यावर मलाही तिकडं बोलावलं होतं. गेलो, राहिलो. अकराव्या मजल्यावरून खाली पाहिलं की मोटारी दिसायच्या आणि समोर पाहिलं की दुसरा अकरावा मजला. सकाळी लिफ्टमध्ये भेटणारी माणसं आपापल्या चपलांकडं पाहायची. एक दिवस मी म्हणालो, भद्रावतीचं घर बंद आहे, वाळवी लागेल. कोणी अडवलं नाही. बायको स्टेशनवर पोचवायला आली आणि जेवणाचा डबा देऊन परत गेली, कारण बाळाची झोपायची वेळ झाली होती.

तेव्हापासून मी भद्रावतीत एकटा. सकाळी भात लावायचा, तोच रात्री फोडणी देऊन खायचा. रविवारी बाजारातून झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, आणायचे. आमचं मूळ घर सिंदेवाहीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीखाली, बांधाला लागून. घराणं ढिवरांचं. माझ्या बापाचं सगळं आयुष्य जाळ्यात आणि डोंग्यात गेलं. कारखान्यात नोकरी लागून भद्रावतीला आलो तरी मासळीवाचून माझा रविवार कधी गेला नाही. पण एकट्यासाठी झिंगे निवडत बसलं की अर्ध्यावरच कंटाळा येतो. तिच्या हाताला ते काम इतकं सवयीचं होतं की बोलता बोलता टोपलीभर झिंगे निवडून व्हायचे, आणि मी काय बोलत होतो ते मला आठवत असायचं, तिला आठवत असायचं, झिंग्यांचं मात्र कोणाच्याच ध्यानात नसायचं.

पोर्ट ब्लेअरहून मोठ्या बोटीनं हॅवलॉक बेटावर पोचलो. हॉटेल म्हणजे झाडांमध्ये विखुरलेल्या लाकडी खोल्या होत्या. माझ्या खोलीचं दार उघडून देणारा वेटर माझ्याच वयाच्या आसपासचा, डोक्यावर टक्कल, बोलणं हळू. त्यानं माझ्या मागं पाहिलं.

“मॅडम?”

“नहीं आयी,” मी म्हणालो.

पलंगावर लाल फुलांनी मोठा बदाम काढला होता. त्यावर पांढऱ्या टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसवलेले. वेटर ते पाहून ओशाळला आणि पुढं झाला. मी म्हटलं, राहू द्या. त्या रात्री मी पलंगाच्या एका कडेला झोपलो. फुलं आणि हंस दुसऱ्या बाजूला तसेच राहिले.

दुसरा दिवस पूर्ण मोकळा होता. लेकीनं पाठवलेल्या कागदावर त्या दिवसापुढं लिहिलं होतं: आराम. संध्याकाळी समुद्रकिनारी विशेष भोजन.

आराम कसा करतात हे मला माहीत नव्हतं. नोकरीत सुट्टी म्हणजे किराणा, दवाखाना, लग्न नाहीतर मयत. सकाळी चहा पिऊन मी किनाऱ्यावर गेलो. वाळू इतकी पांढरी की डोळे बारीक करावे लागले. लाकडी आरामखुर्च्या जोडीजोडीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येक जोडीवर एक छत्री. मी एका जोडीतल्या एका खुर्चीवर बसलो. मग पाय वर घेतले. मग पाठ टेकली.

पाणी हिरवं होतं, लांब जाऊन निळं होत होतं. मी सवयीनं पलीकडची पाळ शोधत होतो. आमच्या तलावाला पाळ आहे, वैनगंगेला पलीकडचा काठ आहे, त्यावर म्हशी दिसतात, माणूस दिसतो, हाक मारली तर तो वळून पाहतो. इथं पाहत राहिलो तरी नजरेला काहीच लागत नव्हतं.

किनाऱ्यालगत उंच, सरळ झाडं होती. वेटर नारळपाणी घेऊन आला तेव्हा मी त्याला झाडांचं नाव विचारलं.

“सी महुआ, साहब.”

मी उठून बसलो. समुद्राचा मोह! खाली पडलेलं एक पान उचलून चुरगळलं, वास घेतला. आमच्या मोहाचा त्यात काही नव्हता. तरी नाव ऐकून जीव हलला. सिंदेवाहीपासून गडचिरोलीपर्यंत उन्हाळ्यात पहाटेच बाया-माणसं टोपल्या घेऊन मोह वेचायला निघतात, सगळ्या रानाला तो गोड, जड वास येतो. आणि इथं इतक्या पाण्यापलीकडं कोणीतरी एका झाडाला तेच नाव ठेवलं. मी बाजूच्या खुर्चीकडं वळलो, “अवं, आयकलं का,” म्हणायला. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. चाळिशी उलटलेले, हातात फोन. फोन जरा बाजूला करून त्यांनी विचारलं, “ये चेअर खाली है क्या?”

“नहीं,” मी म्हणालो. “मिसेस आ रही है.”

असं मी का म्हणालो, मलाच कळलं नाही. खुर्ची रिकामी होती, त्यांना हवी होती, मला नको होती. पण शब्द निघून गेला होता. त्यांची बायको मागून येत होती. तिनं माझा हेल ओळखला.

“काका, तुमी आपल्याकडचे का? आमी नागपूरचे.”

“भद्रावती.”

“अरे, मंग शेजारीच म्हना! काकू कुठी हायेत?”

“रूमवर,” मी म्हणालो. “डोकं दुखून राह्यलं तिचं.”

एकदा म्हटल्यावर ते पुढं नेणं भाग होतं. कालच्या बोटीनं तिला मळमळलं, रात्री झोप नाही, आता पडली आहे. नागपूरची बाई चांगल्या मनाची होती. तिच्या पिशवीत सगळं होतं. तिनं बाम काढून दिला, एक गोळी दिली, वर सांगितलं, “रिकाम्या पोटी देऊ नका हो. काकूंनी काही खाल्लं का?”

“नाई.”

“मंग मी किचनमध्ये सांगून ठेवते. तुमी नका काळजी करू.”

दोघं पुढच्या छत्रीखाली गेली. नवरा पुन्हा फोनमध्ये पाहू लागला. बाई वाळूत पाय पसरून बसली आणि पाण्याकडं पाहत राहिली. मी बाम हातात धरून बसलो. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. या बेटावर आता एका माणसाला ठाऊक होतं की मला बायको आहे आणि ती जवळच कुठंतरी पडून आहे.

डोळा लागला. जाग आली तेव्हा समुद्र निघून गेला होता. मघाशी पायाशी येणारं पाणी लांब, खूप लांब सरकलं होतं, आणि मध्ये ओल्या वाळूचं मैदान पडलं होतं. होड्या कुशीवर कलंडल्या होत्या. आमच्या तलावाचं पाणीही जातं, पण त्याला होळीपासून मृगापर्यंतचा वेळ लागतो. रोज थोडं थोडं, माणसाला सवय करून देत जातं. हे एका झोपेत गेलं होतं.

मी त्या वाळूत चालत गेलो. एवढ्या वाळूत आम्ही दोघं एकदाच बसलो होतो, लग्नानंतर पहिल्याच महाशिवरात्रीला, मार्कंड्याच्या जत्रेत. दर्शन झाल्यावर वैनगंगेच्या पात्रात तीन दगड मांडून तिनं भात आणि वांग्याची भाजी केली होती. भाजीत वाळू गेली होती. ती म्हणाली, खाऊ नका, दुसरी टाकते. मी म्हणालो, राहू दे, दाताले व्यायाम. ती तोंडावर पदर धरून हसली. तोपर्यंत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं, नवीनच लग्न होतं. दिवसभर आम्ही तिथंच होतो. काही केलं नाही. परतीच्या बैलगाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली आणि जाग आल्यावर, पुढं गाडी हाकणाऱ्या माझ्या बापानं पाहिलं असेल म्हणून घाबरली.

खोलीवर आलो तर दाराशी झाकलेलं ताट होतं. मुगाची खिचडी, वर तुपाची धार, बाजूला लिंबाची फोड. आतल्या आजारी बाईसाठी. परत पाठवता येत नव्हती, टाकून देता येत नव्हती. मी पलंगावर हंसांच्या शेजारी बसून ती सगळी खाल्ली. खिचडी चांगली होती.

तिकडं सूर्य लवकर बुडतो. पाच वाजता आभाळ तांबडं झालं आणि आमच्याकडच्या दिवेलागणीच्या आधीच अंधार पडला. वेटर मला बोलवायला आला. किनाऱ्यावर त्यांनी चार बांबू रोवून पांढरा कापडी मांडव केला होता. वाळूत शिंपले मांडून आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या. मध्ये एक टेबल, काचेच्या पेल्यात मेणबत्ती, समोरासमोर दोन खुर्च्या, दोन ताटं.

“एक निकाल दूँ, साहब?” वेटरनं हळूच विचारलं.

मी मान हलवली नाही, तो काय समजायचं ते समजला. दोन्ही ताटं राहिली.

जेवण येऊ लागलं. आधी नारळाच्या दुधातलं सूप. मग लसूण-लोण्यात भाजलेले झिंगे, एकेक माझ्या पंजाएवढा. आमच्याकडचे झिंगे पसाभर घेतले तर शंभर येतील. मग अख्खा खेकडा, मिरी लावलेला, लाल. केळीच्या पानात वाफवलेला मासा. भात. वेटर प्रत्येक पदार्थ दोन्ही ताटांत वाढत होता, कारण त्याला तसंच सांगितलेलं होतं. समोरचं ताट भरत चाललं. मी चमचा हातात घेऊन बसलो होतो. भूक लागली होती, पण हात पुढं होत नव्हता.

जवळच्या टेबलावर नागपूरची जोडी होती. नवरा टेबलाखाली फोन धरून काहीतरी वाचत होता. बाईनं माझ्याकडं पाहिलं, समोरच्या ताटाकडं पाहिलं आणि उठून आली.

“काका, काकूंना अजून बरं नाही वाटलं का? मी जाऊन पाहते. असं दिवसभर पडून राहनं बरं नाही. रूम कोनती तुमची?”

ती निघालीसुद्धा.

“नका जाऊ,” मी म्हणालो. “रूमवर कोनी नाई.”

ती थांबली.

“ती आलीच नाई. नातवाले ताप आला. पुन्यालेच हाय ती. मी एकटाच आलो.”

बाई वळून टेबलापाशी परत आली. मग म्हणाली, “मंग ती खिचडी?”

“मीच खाल्ली.”

ती हसली. मोठ्यानं हसली, तिचा नवराही वर पाहू लागला. मलाही हसू आलं. आणि हसता हसता माझा आवाज फाटला. मी पेल्यातलं पाणी प्यायलो, तोंड पुसलं. ती हसायची थांबली होती. ती खुर्चीवर बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“आज फोन केला का काकूंना?”

“लागत नाई इथून.”

“रिसेप्शनच्या मागं पान्याची टाकी हाय, तिच्या भिंतीपाशी लागते. हे दिवसभर येऊन जाऊन तिथंच उभे राह्यले,” नवऱ्याकडं मान करून ती म्हणाली. “जा तुमी. मी ताट झाकून ठेवते.”

भिंतीपाशी खरंच फोन लागला. पहिल्याच घंटीला बायकोनं उचलला.

“ताप उतरला,” ती म्हणाली. “दुपारून उतरला. आता दूध पिऊन झोपला. तुमी कुठी होते दिवसभर?”

“वाळूत.”

“काय केलं?”

“काई नाई. पडून होतो.”

“बरं केलं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात इतका थकवा होता की मला सी महुआचं सांगायचं सुचलं नाही, खिचडीचंही नाही. मागं दवाखान्यातली कोणती तरी घंटी वाजत होती. “जेवले का?”

“बसलो होतो. ताटावरून उठून आलो.”

“काय काय हाय?”

मी सांगितलं. पंजाएवढे झिंगे म्हटल्यावर ती म्हणाली, “खोटं नका बोलू.” मी म्हणालो, “देवाशप्पथ.” मग खेकड्याचं सांगितलं, केळीच्या पानातल्या माशाचं सांगितलं. ती ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, “चिंच टाकली का त्याईनं?” मी म्हणालो, नाही, नारळ आहे सगळ्यात. “मंग काय चव,” ती म्हणाली.

“तुझंबी ताट वाढलं त्याईनं.”

“माहं?” ती म्हणाली. मी म्हणालो, “तू काय खाल्लं?”

“बिस्किट. आता पोरगी डबा आनन.” मग म्हणाली, “टाकू नका ते. माह्या वाटचं तुमीच खाऊन घ्या. दमानं खा, काटे पाहून. आन अवो…”

तिथं आवाज तुटला. मी भिंतीला लागून इकडं तिकडं सरकलो, फोन उंच धरला. पुन्हा लावला तर लागला नाही. पुढं ती काय म्हणणार होती ते मी नंतर विचारलं. तिला आठवत नव्हतं.

परत आलो तेव्हा नागपूरकर जेवून गेले होते. दोन्ही ताटांवर ताटं पालथी घातलेली होती. वाऱ्यानं मेणबत्ती विझली होती, वेटरनं ती पुन्हा लावली. जेवण गरम करून आणू का म्हणाला. मी म्हटलं, असू द्या.

मी चमचा बाजूला ठेवला आणि हातानं जेवायला बसलो. आधी माझं ताट संपवलं. झिंग्यांची सालं काढून कडेला रचली. खेकड्याच्या नांग्या दातानं फोडल्या, आतला गर ओढून घेतला, बोटं चाटली. कोणी पाहत नव्हतं. मग ताटांची अदलाबदल केली आणि तिचं सुरू केलं. तेच पदार्थ होते, थंड झालेले. लोणी थिजलं होतं. तरी मी घास घास करून खात गेलो, माशाचे काटे पाहून. पोट कधीच भरलं होतं. पाणी परत येत होतं, अंधारात दिसत नव्हतं, पण आवाज जवळ जवळ येत होता. शेवटी साखरेच्या पाकातलं कस्टर्ड आलं, तेही दोन. दोन्ही खाल्ली. वेटर दूर झाडापाशी उभा होता. ताटं उचलायला आला तेव्हा ती चाटूनपुसून स्वच्छ होती. एवढं जेवून माणूस तृप्त व्हायला हवा. मी नुसता जड झालो होतो.

ठरलेले सगळे दिवस मी तिथं राहिलो आणि ठरलेल्या बोटीनं निघालो. नागपूरला उतरून वरोऱ्यावरून एसटीनं भद्रावतीला आलो. शेजाऱ्यांनी विचारलं, कसं झालं, मी म्हणालो, मस्त. त्यांना फोनमधले फोटो दाखवले. सगळ्यांत नुसतं पाणी होतं.

बायको उन्हाळ्यात आली, नात्यातल्या एका लग्नासाठी, चार दिवस. नातू बरोबर होता. लग्नघरी तिला माणसांनी घेरून टाकलं होतं. निघायच्या आदल्या दुपारी नातू झोपला तेव्हा कुठं ती माझ्यासमोर येऊन बसली. बाहेर भद्रावतीचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

“सांगा आता तुमचा समुद्र,” ती म्हणाली.

मी सांगू लागलो. अगदी पहिल्यापासून, विमानाच्या खिडकीतून दिसलेल्या ढगांपासून. ती हुंकार देत होती. पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचलो असेन, हुंकार बंद झाला. पाहिलं तर खुर्चीतच तिची मान कलली होती, तोंड अर्धवट उघडं. केसांत मी पूर्वी न पाहिलेला पांढरा पट्टा होता.

उठवलं नाही. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंख्याचा आवाज कोरडा येऊ लागला होता. मी बादली भरून आणली आणि आवाज होऊ नये म्हणून तांब्याएवढ्या गडव्यानं थोडं थोडं पाणी टाकीत ओतत राहिलो.